झुंबरबाईचे गाल

झुंबरबाई औटीला मी पहिल्यांदा पाहिलं ते बहात्तरच्या दिवाळीनंतर, पारनेर तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर. मी तिथं हजेरी कारकून होतो. कामावर सातशे माणसं होती आणि सातशे जणांना मिळून चेहरा एकच होता. गालफडं बसलेली, डोळे आत गेलेले, ओठांना चिरा. हजेरी घेताना नाव पुकारलं की कोण ओ देतंय ते आवाजावरून ओळखायचं, तोंडावरून नाही. अशात एक दिवस डोक्यावर मातीची पाटी घेऊन एक बाई माझ्यासमोरून गेली आणि तिला गाल होते. चांगले भरलेले, गोल, हसली की वर सरकणारे गाल.

मी संगमनेरचा, या भागात नवखा. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की ही बाई चोरून खात असणार. हे पाप मी आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढं मी याहून मोठं केलं.

गालांची हकीकत तिनं मला नंतर स्वतः सांगितली. ती पहिल्यापासून सांगायला हवी.

झुंबरबाई पिंपळदऱ्याची. वय एकेचाळीस. नवरा सूर्यभान तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. पण सूर्यभानचं डोकं काळंभोर, दात असे की लोक त्याला सुपारी फोडायला बोलवायचे. झुंबरबाईचे दात मात्र एकेका बाळंतपणाबरोबर एकेक करून गेले. काही मिश्रीनं गेले, काही सुप्याच्या बाजारात बसणाऱ्या माणसानं चिमट्यानं काढले. चाळिशीत वरच्या हिरडीवर एकही उरला नाही. खाली समोरचे सहा तेवढे टिकून होते. आतून आधार गेला तसे गाल आत गेले आणि बाई साठीची दिसायला लागली.

तिला स्वतःला त्याची फारशी खबर नव्हती. घरात आरसा तळहाताएवढा, त्यात कुंकू लावण्यापुरतं कपाळ दिसायचं. खबर लागली ती एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, पारनेर-नगर एस.टी.मध्ये. दोघं मोटेचा नाडा, म्हणजे विहिरीवरचा जाड दोर, आणायला नगरला निघाले होते. गाडीला गर्दी होती, मागच्या बाकावर दणके बसत होते. कंडक्टर भला माणूस होता. तो सूर्यभानला म्हणाला, "आईला पुढं बसवा की, म्हातारं माणूस आहे, कंबर मोडेल."

सूर्यभाननं काय करावं? त्यानं झुंबरबाईला हाताला धरून पुढच्या सीटवर नेऊन बसवलं आणि कंडक्टरला म्हणाला, लई उपकार झाले.

झुंबरबाईचा कंडक्टरवर राग नव्हता. तिचं म्हणणं होतं, त्यानं जे दिसलं ते सांगितलं. राग होता तो नवऱ्यावर. 'बायको हाय' एवढे दोन शब्द बोलायला ह्या माणसाच्या बत्तीस दातांतून आवाज निघाला नाही. सूर्यभानचा बचाव असा, की जागा मिळत होती, मग खरं-खोटं करून ती घालवायची कशाला. नगर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. माळीवाड्याच्या स्टँडवर उतरल्यावर तिनं सांगितलं, की तुम्ही नाडा आणा नाहीतर नका आणू, मी दात करायला चालले.

चौकशी करत दोघं भिंगारला पोचले. तिथं काकासाहेब भिंगारदिवे नावाचे गृहस्थ होते. पंचवीस वर्षं छावणीत फौजी लोकांच्या कवळ्या बनवून ते निवृत्त झाले होते आणि आता घराच्या ओटीवर टेबल टाकून सिव्हिलियन तोंडांची सेवा करत होते. टेबलावर प्लास्टरचे जबडे मांडलेले. त्यातला एक जबडा कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला होता.

काकासाहेबांनी तिचं तोंड उघडून पाहिलं, मेण चावायला देऊन माप घेतलं आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले, भाकरी चावता येईल. झुंबरबाई खुर्चीवरून उठली नाही. ती म्हणाली, "भाकरी मी आताबी खाते, कुस्करून. मला गाल पायजेत."

एवढ्या वर्षांत काकासाहेबांकडे कुणी गाल मागायला आलं नव्हतं. एकदाच, लढाईत जबड्याला गोळी लागलेला एक मेजर आला होता, त्याची एक बाजू त्यांनी भरून दिली होती. म्हणजे कसब होतं. वरच्या कवळीला दोन्ही अंगांना, हिरडीच्या बाहेरच्या बाजूनं, कवळी ज्याची ओततात तो गुलाबी मसाला जाड ठेवायचा, की गाल आतून उचलला जातो. काकासाहेबांनी तिला सांगितलं, की भरणं अवघड नाही. किती भरायचं ते अवघड आहे. मेजरला दुसरी बाजू शाबूत होती, तिच्यावरून माप घेता आलं. तुमच्या दोन्ही गेल्यात.

पंधरा दिवसांनी त्यांनी मेणाची कवळी घालून पाहिली. आरशात एक वानरीण बसली होती, तिनं दोन्ही गालांत फुटाणे दडवले होते. झुंबरबाईनं विचारलं, "ही कोन?" बाहेर ओट्याखाली सूर्यभानला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. काकासाहेबांनी मेण खरवडलं, पुन्हा घातलं. आता एक गाल वर, एक खाली. पुन्हा खरवडलं. शेवटी ते थकले आणि म्हणाले, आधी कशा दिसायचात त्याचा एखादा फोटो आणा.

फोटो कुठला? लग्नात काढला नव्हता, नंतर काढायचं कारण पडलं नव्हतं. मग काकासाहेबांनी सूर्यभानला आत बोलावलं आणि विचारलं, की लग्नात बाईंचा चेहरा कसा होता. सूर्यभाननं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुष्कळ विचार केला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं.

"नाक हुतं," तो म्हणाला.

"आणि गाल?"

"असतील की."

पंचवीस वर्षांच्या संसारातून एवढाच पुरावा हाती लागला. झुंबरबाई मला म्हणाली, की त्या दिवशी तिला कळलं, आपला चेहरा आपल्याकडंही नाही आणि ह्याच्याकडंही नाही. काकासाहेबांनी मग दुसरी वाट काढली. रक्ताचं कुणी माणूस आहे का, तुमच्या तोंडवळ्याचं, दात असलेलं?

होता. कान्हूरचा भाऊ, सहादेव ठुबे. दोघं एका साच्यातून काढलेले, असं माहेरी सगळे म्हणायचे. तिसऱ्या खेपेला ती सहादेवला घेऊन गेली. कशासाठी ते त्याला सांगितलं नव्हतं. ओटीवरचे जबडे पाहून त्याला वाटलं, आपला एखादा दात काढून बहिणीला बसवणार आहेत. बहिणीवर जीव होता म्हणून तो बसला, पण डोळे मिटून बसला. काकासाहेबांनी त्याचे गाल अंगठ्यानं दाबून पाहिले, आतून चाचपले, सुताराच्या परकारानं मोजले. अडचण एकच होती, मिशी. सहादेवची मिशी गालावर चढलेली, तिच्यामुळं ओठापासून गाल कुठं सुरू होतो ते कळेना. काकासाहेबांनी वस्तऱ्याचं नाव काढताच सहादेव उठून उभा राहिला.

"आक्का, दात माग, देतो. मिशी मागू नगं."

शेवटी मिशीवर रुमाल बांधून माप घेतलं. दरोड्यात पकडल्यासारखा तो दीड तास बसून होता.

कवळीसाठी झुंबरबाईनं माहेराहून आलेली स्वतःची शेळी विकली, त्यामुळं घरात त्यावर कुणाला बोलता आलं नाही. बोलायचं होतं ते वेगळ्याच गोष्टीवरून बोलले. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, कुणाच्या हाताची बोटं तोंडात घालून घेतेस, जात तरी विचारलीस का. झुंबरबाई म्हणाली, विचारायचं कशाला, बघितलं की. साबणानं धुतलेली होती. तुमची तशी नसतात.

एकाहत्तरच्या दिवाळीला वरची कवळी बसली, खालच्या दाढाही बसल्या. दात बसवले हे सगळ्या गावाला कळलं. गाल बसवले हे फक्त चौघांना माहीत होतं, तिला, नवऱ्याला, भावाला आणि काकासाहेबांना. गावानं आपला अर्थ लावला, की आता बाई चावून खातेय, म्हणून अंगी लागतंय. झुंबरबाई मान हलवायची. सणाला आलेला सहादेव मात्र तिच्याकडं नीट बघू शकायचा नाही. आपणच लुगडं नेसून चुलीपुढं बसलोय असं वाटतं, असं तो सूर्यभानपाशी बोलला.

वर्षभर तिनं ते गाल मजेत मिरवले. मग पाऊस गेला.

बहात्तर साली काय झालं ते मी नव्यानं सांगत नाही. पोरं आधीच पोटापाण्यासाठी बाहेर पडलेली, दिवाळीनंतर नवरा-बायकोही घराला कडी घालून आमच्या कामावर आले. गावापासून आठ मैल, म्हणून तिथंच पालात राहायचे. पिंपळदऱ्याच्या आणखी दोघी-तिघी होत्या, बाकी माणसं चहूकडची. मुकादम होता भीमा. कामावर सरकारकडून सुकडी यायची. गोडसर, भाजक्या पिठाची भुकटी, मूठभर तोंडात टाकून वर पाणी प्यायचं. ती पोत्यांनी यायची आणि भीमाच्या झोपडीत ठेवली जायची. वाटायला बाई पाहिजे होती. भीमानं झुंबरबाईला नेमलं. तिचा आवाज मोठा होता आणि ती सगळ्यांना सारखंच बोलायची, त्यामुळं रांगेत भांडणं होत नसत.

पौषापासून सुकडी कमी पडायला लागली. रांगेतल्या शेवटच्या वीस-पंचवीस बायांना रिकामा डबा घेऊन परत जावं लागे. झुंबरबाई भीमाला विचारायची, भीमा वर बोट दाखवायचा, वरूनच कमी येतंय. मग लोक आपल्या डोळ्यांनी हिशेब करू लागले. सुकडी कमी होतेय. सातशे माणसं वाळतायत. एक बाई वाळत नाही. तीच वाटते.

माघात एक दिवस केशरबाई नावाची बाई माझ्या तंबूत आली. तिची सून सातव्या महिन्यात होती आणि तीन दिवस तिच्या वाट्याला सुकडी आली नव्हती. तिनं पदराच्या गाठीतून एक पोस्टकार्ड काढलं आणि म्हणाली, "भाऊसाहेब, तालुक्याला लिवा. नाव नका घालू."

मी लिहिलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलं. केशरबाई सांगत होती त्यात मी माझीही थोडी भर घातली. भाषा माझी होती. 'सर्व मजूर अस्थिपंजर झाले असताना सुकडी वाटणाऱ्या महिलेचे गाल मात्र टमाट्यासारखे झाले आहेत, यावरून काय ते समजावे.' हे वाक्य लिहून झाल्यावर मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

फाल्गुनात तालुक्याचे साहेब आले. दुपारची वेळ, जीप बांधावर उभी राहिली. काम थांबलं, सगळे गोळा झाले. साहेब तरुण होते, सज्जन वाटले. त्यांनी पोस्टकार्ड खिशातून काढलं तसा मी रजिस्टरात तोंड घातलं. सुकडी कोण वाटतं, त्यांनी विचारलं. झुंबरबाई पुढं आली. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या मागं उभ्या असलेल्या बायांकडं, मग परत तिच्याकडं. भीमा बाजूला हात बांधून उभा होता. त्यानं खाली मान घालून सांगितलं, की साहेब, मी गरिबानं काय बोलावं, आपल्याला डोळे हायेत.

साहेबांनी तिला तसं सभ्यपणेच विचारलं, "बाई, इथं सगळ्यांची हाडं दिसतात. तुमच्याच चेहऱ्यावर एवढं मांस कसं?"

झुंबरबाईला उत्तर माहीत होतं, पण ते दिलं तर जवळजवळ दीड वर्ष सांभाळलेलं सातशे माणसांसमोर उघडं पडणार होतं. नाही दिलं तर चोर. तिनं मला सांगितलं, की तेव्हा तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं. सूर्यभान कुदळ घेऊन गर्दीत उभा होता. त्याला सगळं माहीत होतं. तो कुदळ खाली ठेवून पुढं आला, घसा साफ केला आणि म्हणाला, "साहेब, ती माझी बायको हाय."

एवढं बोलून तो थांबला. पावणेदोन वर्षांपूर्वी एस.टी.त हेच वाक्य हवं होतं. इथं त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. साहेब म्हणाले, बरं.

मग झुंबरबाईनं पदराआड तोंड वळवलं नाही, काही नाही. सगळ्यांसमोर दोन बोटं तोंडात घातली आणि वरची कवळी बाहेर काढली.

मी ते पाहिलं. तंबूचा खांब काढल्यावर कापड बसतं तसा तिचा चेहरा बसला. गाल आत, ओठ आत, नाक पुढं आलं आणि हनुवटी त्याच्या भेटीला वर गेली. आमच्यासमोर सातशे एकावा दुष्काळी चेहरा उभा होता, आणि बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच दुष्काळी. तिनं ती कवळी साहेबांपुढं धरली. साहेबांनी नकळत हात पुढं केला आणि ती त्यांच्या तळहातावर आली.

मग ती बोलायला लागली. भीमाकडं हात करून, पोटातून, चांगली दोन-तीन मिनिटं बोलली. पण दात साहेबांच्या हातात असल्यामुळं त्यातलं एक अक्षर कुणाला कळलं नाही. फुंकणीतून वारा यावा तसा आवाज येत होता. एवढी मोठी शिवी फुकट गेलेली तिच्याही लक्षात आली. तिनं साहेबांच्या हातातली कवळी उचलली, पदराला पुसली, आत बसवली, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"साहेब, हे दात हायेत आन् हे गाल हायेत. दोन्ही भिंगारला केल्यात, शेळी इकून. ह्यात सुकडीचा कन न्हाई. गुबगुबीत कोन हाय त्यावरून चोर धरायचा आसंल तर धरा, मी न्हाई म्हनत न्हाई. पन मंग मुकादमाच्या झोपडीमागं म्हैस बांधलीया, तिला बघा. तिचे गाल तिचेच हायेत."

साहेब झोपडीमागं गेले. आम्ही सगळे त्यांच्या मागं. त्या वर्षी तालुक्यात जनावरांच्या बरगड्या दुरून मोजता येत होत्या, आणि तिथं एक म्हैस उभी होती, जिच्या पाठीवर माशी घसरली असती. घमेल्यात पाणी होतं, त्यात कालवलेलं गोडसर पीठ होतं, आणि तिच्या नाकाला ते लागलेलं होतं. साहेबांनी घमेल्यात बोट बुडवून वास घेतला. म्हशीनं त्यांच्याकडं जराही अपराधी न होता पाहिलं. झोपडीत पोती मोजली तर चार कमी भरली.

भीमाला त्याच संध्याकाळी काढलं. त्यानंतर सुकडी तराजूनं येऊ लागली आणि तराजूनं जाऊ लागली. वाटायचं काम झुंबरबाईकडंच राहिलं. केशरबाईच्या सुनेचं पुढं नीट बाळंतपण झालं, मुलगी झाली.

पण त्या दुपारी जीपमध्ये चढण्याआधी जे झालं ते झुंबरबाईला या सगळ्याहून मोठं वाटलं. साहेब तिच्याजवळ आले. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. ते म्हणाले, "बाई, माझी चूक झाली. मला ते खरेच वाटले."

"काय खरं वाटलं?"

"गाल. तुमचेच आहेत असं वाटलं."

"परत म्हना," ती म्हणाली. "ह्या बायांना ऐकू गेलं न्हाई."

साहेबांना कुणी असं काही पुन्हा म्हणायला लावत नसावं. पण त्यांनी म्हटलं, मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर मी तिला थांबवलं आणि पोस्टकार्ड मी लिहिलं होतं हे सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी करून आलो होतो. केशरबाईचं ऐकून मी लिहिलं हे तिनं समजून घेतलं, कारण केशरबाईचं दुखणं खरं होतं. मग विचारलं, की गालांबद्दल नेमकं काय लिहिलं होतंत. मी मान खाली घालून सांगितलं, टमाट्यासारखे.

"टमाट्यासारखे," ती म्हणाली. तिनं ते दोनदा घोळवलं. "आन् तुमाला कळलं न्हवतं?"

नाही, मी म्हणालो. शपथेवर.

तिनं मला माफ केलं. मला वाटतं, त्यापुढं मी दुसरा कुठलाही गुन्हा केला असता तरी माफ केला असता.

यानंतर महिनाभर कामावरच्या बायांना दुसरा विषय नव्हता. दुपारच्या सुट्टीत तिच्याभोवती कोंडाळं व्हायचं. काढून दाखव, घालून दाखव. कुणी गाल दाबून बघे, कुणी विचारे रात्री कुठं ठेवतेस. झुंबरबाईला वाटलं होतं हसतील, पण हसण्यापेक्षा त्या विचारपूसच जास्त करत होत्या. भिंगारला एस.टी. कुठून मिळते हे मी किमान दहा जणींना सांगितलं असेल.

पण चैत्र आला आणि वेगळंच झालं. झुंबरबाई इतरांइतकीच उपाशी होती. अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, ती पोटात जाईल त्यापेक्षा घशातच जास्त राहायची. तिची मान बारीक झाली, कानशिलं खोल गेली, गळ्याची हाडं वर आली, डोळ्यांखाली खड्डे पडले. आणि मध्ये ते दोन गाल, एकाहत्तरच्या दिवाळीतले, जसेच्या तसे. आधी ते खरे वाटत, कारण बाकीचा चेहरा त्यांच्या सोबत होता. आता चेहरा निघून गेला होता आणि गाल मागं राहिले होते. दुरून बघणारा थबकायचा.

एक दिवस ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "भाऊसाहेब, पोस्टकार्डात लिवलं तसं खरं सांगा. कशी दिसते?"

मी म्हणालो, "मावशी, गाल आधी येतात, तुम्ही मागून येता."

तिनं ऐकून घेतलं. त्या आठवड्याच्या सुट्टीला सूर्यभानला घेऊन ती भिंगारला गेली. कामावर आल्यापासून पहिल्यांदाच दोघं कुठं बाहेर पडले होते.

काकासाहेबांना आधी तिनं साहेबांची गोष्ट सांगितली. काकासाहेबांनी ती दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकायला आतून बायकोला बोलावलं. शिकलेला, डोळे शाबूत असलेला सरकारी अधिकारी हातभर अंतरावरून फसला, एवढंच नाही, तर त्या गालांवर त्यानं चोरीचा आळ घेतला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असं सर्टिफिकेट त्यांना कुणी दिलं नव्हतं, मेजरनंही नाही. ते फार खूश झाले. मग झुंबरबाईनं कवळी काढून टेबलावर ठेवली आणि खुणेनं दाखवलं, की आता हे घासून कमी करा.

काकासाहेबांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "माझ्या हातानं माझंच चांगलं काम बिघडवू?"

तिनं कवळी परत घातली, कारण हे नीट बोलायचं होतं. "काम न्हाई बिघडलं, काका. बाई बिघडली. तिच्या मापाचं करा."

घासलेलं पुन्हा भरता येणार नाही, त्यांनी बजावलं. पुढं अंग धरलंत तर नवी करावी लागेल. झुंबरबाई म्हणाली, पुढच्या साली पीक आलं तर मी माझं अंग माझ्या भाकरीनं धरीन, त्याला मसाला लागणार न्हाई.

काकासाहेबांनी कानस घेतली. या खेपेला नमुना म्हणून कुणाला आणायची गरज पडली नाही. ओटीवरून रस्ता दिसत होता आणि रस्त्यावरून माणसं जात होती. कुणाकडंही बघून कानस चालवता येत होती. ते थोडं घासायचे, तिला घालायला लावायचे, मान वाकडी करून बघायचे, परत घासायचे. गुलाबी भुगा त्यांच्या मांडीवर साठत गेला. तासाभरानं त्यांनी तिच्यापुढं आरसा धरला. त्यात बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची, वाळलेली, थकलेली एक बाई होती. म्हातारी नव्हती. वानरीण नव्हती. सहादेवही नव्हता. ती तिच्याकडं बराच वेळ बघत राहिली.

बाहेर सूर्यभान लिंबाखाली बसला होता. ती ओटीवरून उतरून त्याच्यापुढं उभी राहिली. काय फरक पडला ते तिनं सांगितलं नाही आणि त्याला ओळखता आलं असतं असंही नाही. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग उठला आणि टोपी झटकून डोक्यावर घातली.

"सकाळधरनं तू काई खाल्लं का न्हाई?" त्यानं विचारलं.

न्हाई, ती म्हणाली.

दोघं माळीवाड्यापर्यंत चालत गेले. स्टँडाबाहेरच्या गाड्यावर त्यानं तिला गरम भजी घेऊन दिली, आणि आपल्या पानातली चार उचलून तिच्या पानात टाकली. झुंबरबाईनं दोन्ही बाजूंनी चावून सगळी खाल्ली.